फोटो नाही हा

आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या मेश्रामजींचा स्वतःच्या मोजमापावर विश्वास नाही. कमरेच्या हाडाचा झुकाव ते सकाळी मोजतात, आकडा चिठ्ठीवर लिहून माझ्या खणात टाकतात आणि जेवणानंतर तीच फिल्म नव्याने मोजतात. मग हाक येते, "भाऊ, काढा सकाळचा." दोन आकडे जुळले की तिसरी पाळी माझी. मी रिपोर्ट टाइप करतो. कोन मोजायला त्यांनीच शिकवलं. एकदा चहावाल्यालाही मोजायला बसवलं. त्याचा आकडा जुळला, माझा नाही. आठवडाभर मेश्रामजी हे सगळ्या स्टाफला ऐकवत होते.

"नागपूरचा डॉक्टर याच आकड्यावर नव्या खुब्याची वाटी बसवते," ते म्हणतात. "चुकला, त खुबा निसटते. मंग मानूस आपल्याले शोधत येऊ बी नाही शकत."

त्यांच्या मते खरी गडबड उभं राहण्यात असते. बैहरहून जीपने आलेला माणूस यंत्रापुढे छाती काढतो आणि कमरेचा कोन बदलतो. "फोटो नाही हा, बाप्पा! बसची वाट पाह्यता, तसे राहा." मग ते धानाचं, सोयऱ्यांचं काहीबाही विचारतात. बोलता बोलता माणूस ढिला पडला की बटण दाबतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा, नंबर लागला. उजवा खुबा झिजलेला. दोघं रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत पायी जायचे. ते दोन वर्षांपासून बंद होतं. मेश्रामजी एकटेही जात नसत. "ऑपरेशन झालं का जाऊ दोघं," एवढंच बोलत.

त्यांनी दोन दिवस दोन फिल्म काढल्या. कोनात सात अंशांचा फरक. माझेही आकडे तेच आले; मोजणं बरोबर होतं.

"काहून ताठ होतेस?"

"कुठं होऊन राह्यली? मी अशीच राह्यतो घरी," वहिनी म्हणाल्या.

शेवटी नर्स बिसेनबाई म्हणाल्या, "सर, आप बाहर बैठिए."

मेश्रामजी पहिल्यांदाच पेशंटच्या बाकावर बसले. आतून बिसेनबाईंचा आवाज आला, "तिरोडी मायका है ना आपका?" वहिनी माहेरच्या गोष्टी सांगू लागल्या. मध्येच आवाज थांबला. "आई गं," असं हळूच ऐकू आलं. बाकावरचे मेश्रामजी हलले नाहीत.

फिल्म आली. कंबर किती झुकली आहे, ते मोजण्याआधीच दिसत होतं. तरी त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही आकडे सारखे.

"भाऊ," ते म्हणाले, "हे घरी अशी कधीच नाही उभी राह्यली. माह्यासमोर त नाहीच."

त्यांनी दार उघडलं. वहिनी भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांना पाहताच पाठ सरळ करू लागल्या.

"राहू दे," मेश्रामजी म्हणाले. "तशीच राह्य. मले पाहू दे."