रंगा सुगरणाची नोकरी

एका जंगलात, बाळांनो, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण रेंज पोचली होती, तिथे रंगा नावाचा सुगरण पक्षी राहायचा. सुगरण म्हटलं की तुम्हाला बाई वाटते ना? चूक. या जातीत खोपा नर विणतो. मादी येते, अर्धा झालेला खोपा आतून-बाहेरून तपासते आणि पसंत पडला तरच लग्नाला हो म्हणते.

रंगाला शेवंता आवडायची. फार आवडायची. तिने त्याला बजावलं होतं, "गवत हिरवं आहे तोवर खोपा दाखव. वाळलं की मी थांबायची नाही."

रंगा पहिली काडी उचलणार, तोच कोकिळाबाईंचं बोलावणं आलं. बाईंनी 'खोपा ॲप' नावाची कंपनी काढली होती. स्वतः त्यांनी जन्मात एक काडी विणली नव्हती, पण दुसऱ्यांची घरटी त्यांना आतून चांगली माहीत होती.

"विणून विणून तू एक खोपा विणशील," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे आलास तर लाखो खोपे तुझ्या डोक्यातून निघतील."

नोकरी चांगली होती, उगाच कशाला खोटं बोलू? गार सावली, बसायला झोका, उंबरं फुकट. देशोदेशीचे पक्षी भेटायचे. रंगाची आत्या बाभळीवरून ओरडून सांगायची, "आमचा रंगा कंपनीत आहे हो!"

फक्त विणायला वेळ मिळेना. सकाळी सगळ्यांनी एका पायावर उभं राहून काल काय केलं ते सांगायचं. मग खोप्याच्या दारावर बैठक. मग त्या बैठकीत काय ठरलं, यावर बैठक. सुतारपक्ष्याला किडे शोधायचं काम होतं, पण सापडलेला किडा खायचा नाही, नोंदवायचा. बिचारा पार वाळला.

शेवंता येऊन विचारायची, "झाला का?"

"या आठवड्यात रिलीज आहे गं. तेवढं झालं की लगेच."

गवताची टोकं पिवळी पडू लागली.

एके सकाळी कोकिळाबाईंनी जाहीर केलं, "आनंदाची बातमी! उद्यापासून सगळ्यांनी घरून काम करायचं."

सगळ्यांनी पंख फडफडवले. रंगा तेवढा पुढे सरकला.

"बाई, मला घर नाही."

"असं कसं? तू तर घरांचा तज्ज्ञ!"

"तज्ज्ञ झालो, म्हणूनच राहिलं."

बाईंना हे काही कळलं नाही. त्यांनी त्याला फॉर्मात घराचा पत्ता भरायला सांगितला.

दुपारी शेवंता आली. रंगाने घाईघाईने तिला स्क्रीनवरचा खोपा दाखवला. चोच लावली की तो गोल फिरायचा, रंगही बदलायचा.

"छान आहे रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण यात मी अंडी कुठे घालू?"

शेजारच्या फांदीवर केरूचा खोपा लोंबत होता. या केरूला कंपनीने मुलाखतीतच नापास केलं होतं. खोपा जरा वाकडाच होता. शेवंता आत शिरली, ती काही बाहेर आली नाही.

रंगा पोटभर रडला. मग उघड्या फांदीवर बसून कामाला लागला. त्याच्या बैठकीत मागून पिल्लं ओरडत नसत, कुणी जेवायला हाक मारत नसे. त्याचं काम बघून बाई खूश झाल्या. वर्षअखेरीला त्यांनी त्याला गृहविभागाचा प्रमुख केलं.

तात्पर्य: घरून मन लावून काम करायचं असेल, तर आधी घर नसावं लागतं.