सोफ्यामागचा माणूस

डोकं असलं की पैसा लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे, होतं!

वायर लावायची सोय असलेली गिटार मी हौसेने घेतली, पण तिचा अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ तिच्याच किमतीचा निघाला. "घरात आहे त्यात भागवतो," मी बायकोला म्हटलं आणि माळ्यावरचा जुना स्पीकर काढला. गिटारच्या पोटात बारीकसा माइक होता. स्पीकर जवळ ठेवला की ती अशी किंचाळायची, की वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी थेट घरमालकीणबाईंना फोन केला! मग मी शक्कल लढवली. स्पीकर हॉलमध्ये सोफ्यामागे, लांबलचक वायर दाराखालून, आणि गिटार घेऊन मी बेडरूममध्ये. किंचाळणं बंद!

रविवारी सकाळी सूर जुळवत बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. बायको दाराच्या भिंगातून बघून आत आली. दारात घरमालकीणबाई! करार संपायला आठ दिवस राहिलेले, मुलीची शाळा दोन गल्ल्या पलीकडे, आणि एवढ्या भाड्यात दुसरं घर मिळणं अशक्य.

"गिटार विकली म्हणून सांग!" मी बायकोला कुजबुजलो.

"सांगते. पण तारांना हात लावलास तर बघ!" तिने बाहेर जाऊन बेडरूमचं दार ओढून घेतलं.

मी गिटार छातीशी धरून पुतळ्यासारखा बसलो. तारांना हात नाही म्हणजे आवाज नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. काळजी वाटली की मला भूक लागते, म्हणून एक बिस्कीट तेवढं तोंडात टाकलं.

"काय हो, सोफ्यामागे उंदीर झालेत का?" बाहेरून बाईंचा आवाज आला.

"छे! उंदीर कुठले?" बायको म्हणाली.

मी सुटकेचा लांब सुस्कारा सोडला.

"अगं बाई, साप!" बाई ओरडल्या.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. धीर यावा म्हणून ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. "अरे, ते घुबड आलंय घरी!" मी अगदी हळू म्हटलं. "उंदीर काय, साप काय! आम्हाला बाहेर काढायला निमित्त शोधतेय. गिटार विकली म्हणून सांगायला लावलंय हिला, पण..."

मी थबकलो. हॉलमध्ये कुणीतरी पुरुष बोलत होता. बाई तर एकट्याच आल्या होत्या!

"हॉलमध्ये कोणीतरी माणूस आहे रे!" मी फोनवर म्हणालो.

"हॉलमध्ये कोणीतरी माणूस आहे रे!" तो माणूस दारापलीकडून गरजला.

आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता.

मी गिटारसकट बाहेर धावलो. स्पीकरजवळ पोचताच ती गळा काढून किंचाळली! बाईंनी शांतपणे उठून वायर उपटली.

"घुबडाचे कान तिखट असतात," त्या म्हणाल्या. "बसा."

बसलो. बायको माझ्याकडे बघतही नव्हती. "चुकलो हो," मी म्हणालो, "पण आम्हाला काढू नका. पोरीची शाळा..." खरंच रडू येत होतं.

बाईंनी पर्समधून कागद काढला आणि बायकोपुढे ठेवला. "पोर शाळेत रुळलीये, घर सोडू नका. फक्त यंदा करार तुमच्या नावावर करू. ह्यांना ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बायकोने तिथल्या तिथे सही केली. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

याला तीन आठवडे झाले. तिचा विचार अजून चालू आहे. मी रोज भांडी घासतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही!