मनगटावरचा चहाडखोर

या, असे पुढे सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, तांब्या इकडे सरकवा. महाराज उभे राहायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हांला आमच्या भिवाजीच्या घड्याळाची गोष्ट सांगतो. ऐकून पुण्य लागेल असं नाही, पण हसून पोट दुखेल.

भिवाजी म्हणजे कर्जतजवळच्या कुरुंजवाडीचा टाळकरी. जन्मभर भिवपुरीच्या वीजघरात नोकरी केली, त्यामुळे यंत्रांपुढे आपण कधी दबत नाही असा त्याचा दावा. "यंत्रानं आपल्याला नाय राबवायचं, आपून यंत्राला राबवायचं," हे तो चहाच्या टपरीवर रोज ऐकवी. गेल्या भातलावणीत मात्र चक्कर येऊन तो चिखलात बसला आणि काळजात नळी घालून घरी आला. तेव्हापासून मुलगा स्वप्नील मागे लागला होता : "बाबा, आई, दोघंही कळंबोलीला चला."

कळंबोलीला स्वप्नीलचं घर बाराव्या मजल्यावर. सून नम्रता लाखात एक. पण भिवाजी तिथे एकदा आठवडाभर राहिला, पहाटे हळूच टाळ वाजवले, तर खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि विचारू लागली, "नळ दुरुस्त करताय का?" त्या दिवशी भिवाजीने टाळ रुमालात गुंडाळले. तसं पुन्हा गुंडाळायची वेळ येऊ नये, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

शेवटी तडजोड झाली. स्वप्नीलने जोडीवर सवलत होती म्हणून दोन स्मार्ट घड्याळं घेतली. एक बापाला, एक स्वतःला.

"बाबा, यात सिम आहे. तुम्ही पडलात आणि हललात नाही, की हे मला कळवतं. कुठे पडलात तेही सांगतं. माझं घड्याळ असंच नम्रताला कळवतं. पण एक अट. याने मला एकदा जरी हाक मारली, तर पिशवी भरायची आणि माझ्यासोबत यायचं. कबूल?"

"कबूल. मी काय पडतोय आता?" भिवाजी म्हणाला, आणि घड्याळ बांधून सबंध गावाला हात दाखवून आला. नमस्कार करतानाही डावा हात वर.

टपरीवर रामभाऊने ते घड्याळ विंचवाकडे बघावं तसं बघितलं. रामभाऊ भिवाजीचा बालमित्र. गावात मोबाइलवर सगळ्यांत कमी विश्वास याचा आणि सगळ्यांत जास्त व्हिडिओ बघणाराही हाच.

"भिवा, चहाडखोर हाय ते. परवा घरात नुसता बोललो, गुडघा दुखतोय. दुपारपर्यंत फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. बायकोला ऐकू नाय गेलं, फोनला गेलं."

"मग काय करायचं?"

"मी तं फोन तांदळाच्या डब्यात ठेवतो. झाकण लावून. तांदळातून आवाज जात नाय."

भिवाजीला हे पटलं. त्याने आपला फोन तर डब्यात घातलाच, सोनाबाईचाही घातला. सोनाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "आवो, तांदूळ मोजताना हाताला लागतोय." पण ऐकतो कोण?

अन् मग आला सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन. मंडपात पाय ठेवायला जागा नाही, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मागे चुलीवर महाप्रसादाची डाळ रटरटते आहे. महाराज नारदाच्या गादीवर आले, आणि भिवाजीला काही सुचेना. वर्षभराचा उपाशी जीव तो. त्याने टाळ बाजूला ठेवले आणि धाडकन लोटांगण घातलं. अर्धवट नाही हं. कपाळ, छाती, गुडघे, सगळं एकदम ताडपत्रीवर. आणि घातलं ते घातलंच. डोळे मिटून पडून राहिला. सुखाने म्हणा, गुडघ्यांनी लवकर उठू दिलं नाही म्हणून म्हणा.

घड्याळाने कंपनीत शिकवलं होतं तेच केलं. माणूस जोरात आदळला, हलत नाही. त्याने मनगटावर धडधडून विचारलं, "पडलात का?" भिवाजीला मनगटात झिणझिण्या आल्या. त्याला वाटलं, सात्त्विक भाव दाटून आला. इतकी वर्षं महाराज सांगत होते ते आज अंगात आलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो आणखी गच्च पडून राहिला. घड्याळ केकाटू लागलं, पण शंभर टाळांत त्याचं कोण ऐकणार? त्याने निमूट कळंबोलीला कळवून टाकलं.

स्वप्नीलने घड्याळावर फोन लावला. भिवाजीला दुसऱ्यांदा सात्त्विक भाव आला. आईला फोन लावला. तो तांदळात वाजला. बापाचा लावला. तोही तांदळातच. मग स्वप्नीलने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि स्वतः विजेच्या गाडीत बसून सुसाट निघाला. गाडी आदल्या रात्री चार्ज करायची राहिली होती, पण बाप जमिनीवर पडलेला असताना काट्याकडे कोण बघतो?

ॲम्ब्युलन्स आधी पोचली. ड्रायव्हर पोपट भला माणूस. मदतनिसाला घेऊन, स्ट्रेचर सावरत तो मंडपाच्या कडेने आत आला. सगळ्यांत पुढे एक म्हातारा टाळ घेऊन उड्या मारत होता. पोपटने त्यालाच हटकलं.

"काका, पेशंट कुठाय? म्हातारे आहेत, पडलेत, हालचाल नाही."

तो म्हातारा म्हणजे भिवाजीच, हे तुम्ही ओळखलंत. भिवाजीने नाही ओळखलं. टाळ थांबवून तो विचारात पडला. पडलेला म्हातारा, हालचाल नाही... आणि त्याच्या काळजात चर्र झालं. रामभाऊ मघापासून कुठे दिसला नव्हता.

"माझ्यामागून या," म्हणत तो मंडपाच्या मागे धावला. आंब्याखाली, धोतर पांघरून, टोपी डोळ्यांवर घेऊन रामभाऊ आडवा पडला होता. नाही हलला, नाही बोलला. पोपटने नाडी बघितली, ती चालू होती. दोघांनी अलगद उचलून स्ट्रेचरवर घेतलं. भिवाजी पायाशी रडत चालला, "रामा, टाळ कोणाशी लावू रं आता?"

महाराजांनी गादीवरून ते बघितलं. पखवाज थांबू न देता म्हणाले, "बघा माउलींनो, हाक कुणाला कधी येईल सांगता येत नाही. म्हणा, रामकृष्णहरी." सगळा मंडप दुप्पट जोराने म्हणू लागला.

नेमकी त्याच वेळी स्वप्नीलची गाडी आली. विजेची गाडी, आवाज नाही, कुणाला कळलंच नाही. त्याला दिसलं स्ट्रेचर, त्यावर पांढरं धोतर, टोपी. "बाबा" म्हणून तो त्या छातीवर कोसळला.

रामभाऊने डोळे उघडले. "कोण रं? उतर. मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो."

मागे उभ्या भिवाजीने विचारलं, "स्वप्न्या? तू कधी आलास?"

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ गेला. बायकांच्या बाजूने सोनाबाई धावत आली. स्वप्नीलने बापाला मिठी मारली, मग पोपटचे हात धरून माफी मागितली, आणि मग पुन्हा बापाकडे वळून रागाने म्हणाला, "अट आठवते ना? घड्याळाने हाक मारली. पिशवी भरा."

"अरं, मी पडलो नाय. लोटांगण घातलं."

"घड्याळाला काय कळणार लोटांगण? मला काय कळणार? वाटभर तुमचा फोन लावत होतो, बाबा."

भिवाजीने पोराकडे बघितलं. शब्द दिला होता. त्याने खिशातून रुमाल काढला, टाळ त्यात गुंडाळले, आणि काल्याची हंडी फुटायच्या आत गाडीत जाऊन बसला. शेजारी सोनाबाई, मांडीवर पिशवी.

स्वप्नीलने बटण दाबलं. गाडीने एक केविलवाणा आवाज केला आणि पडदा काळा झाला.

रामभाऊ खिडकीत वाकला. "हिला हल म्हणावं. हालचाल नाय वाटतं. पोपटराव, नाडी बघा हिची."

शेवटी मंडपातून वायर ओढून गाडी चार्जिंगला लावली. ती भरेपर्यंत संध्याकाळ होणार होती. नाइलाजाने सगळे मंडपात परतले. पोपटलाही गावाने सोडलं नाही : "दारात आलात, आता जेवल्याबिगर जायचं नाय."

हंडी फुटली, दह्यात कालवलेल्या लाह्या हातोहात गेल्या. काल्यानंतर आमच्यात लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतात, हे तुम्हांला माहीतच आहे. रामभाऊ आला आणि सरळ स्वप्नीलच्या पायांवर वाकला. "अहो काका, हे काय," म्हणत स्वप्नील वाकला, तर समोर बाप. तोही वाकलेला. पोराला काय झालं कुणास ठाऊक. सकाळपासून आवळून धरलेलं सगळं सुटलं. त्याने बापापुढे धाडकन लोटांगण घातलं आणि पडूनच राहिला.

भिवाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मनगटात झिणझिण्या येतात का रं, असं विचारावंसं वाटत होतं, पण विचारलं नाही.

तिकडे पंगतीत पोपट लाडू हातात घेतो न घेतो तोच त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, हात धुतला आणि पुढे येऊन म्हणाला, "काका, नवा पेशंट आहे. नाव स्वप्नील. पडलाय, हालचाल नाही. बायको घाबरलीये, नवरा, सासू, कुणीच फोन उचलत नाही म्हणते. आणि ठिकाण हेच."

सोनाबाईने घराकडे बघितलं. "तांदळात हाय," ती म्हणाली.

भिवाजीने रुमालाची गाठ सोडली. "स्वप्न्या, अट अट असते. घड्याळानं हाक मारली. नम्रताला सांग, तुजी पिशवी भरून हिकडं ये. चार दिस र्‍हावा." आणि टाळ असे वाजवले की खालच्या मजल्यावरची ती बाई कळंबोलीत दचकली असेल.

राहिले की हो चार दिवस, आणि परत गेले ते दोघंच. आता भिवाजी लोटांगणाआधी घड्याळ काढून रामभाऊच्या हातात देतो. रामभाऊ ते तांदळात ठेवायला निघतो, तो भाग वेगळा.

पोपटची गाडी मात्र त्या दिवशी पेशंटाविना परत गेली, आत फक्त लाडवांचा डबा. महाराज उभे राहिलेच आता. तर नाम घेताना त्या पोपटची आठवण ठेवा. त्याची गाडी रोज अशीच रिकामी परतू दे.