अंधारसम्राट घरी नाहीत

तेराव्याची मोठी भांडी मंडपवाल्याकडे परत गेली, त्याच संध्याकाळी परमेश्वर केशरबाईंसमोर येऊन मांडी घालून बसला. बराच वेळ घसा खाकरून झाल्यावर म्हणाला, "काकू, काकाला मारायचं राहिलंय."

केशरबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मेले की," त्या म्हणाल्या.

"ते झालंच. मी सिरीयलीतलं म्हनतोय."

आतल्या खोलीत त्यांची मुलगी प्रियदर्शनी पुस्तक उघडे धरून बसली होती. ती अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठी शिकवते. सध्या रजेवर होती. वडील गेल्यापासून ते पुस्तक त्याच पानावर होते. तिने ते मिटले आणि बाहेर आली.

परमेश्वर हा अर्जुनरावांचा पुतण्या. परळीत त्याचे लग्नाच्या शूटिंगचे दुकान आहे. लग्नसराई संपल्यावर कॅमेरे नुसते पडून राहतात, म्हणून त्याने 'वीर थ्री-फेज' नावाची मालिका काढली होती. ती गावच्या केबलवर आणि यूट्यूबवर दर रविवारी लागे. नायकाला शेतातली मोटार चालू करताना शॉक बसतो आणि अंगात अचाट शक्ती येते. पण ती शेतीची थ्री फेज लाईट असेल तेवढाच वेळ. लाईट गेली की तो चारचौघांसारखा. मालिकेत ही एकच कल्पना बरी होती आणि तिचा कुणी काही उपयोग केला नव्हता. नायक आपला दर रविवारी वीजकेंद्राच्या राखेच्या ढिगाऱ्यावर उभा राहून गुंडांना ठोसे मारी, गुंड हळूहळू पडत, आणि पुढच्या रविवारी तेच गुंड पुन्हा उभे असत.

खलनायकाचे काम अर्जुनराव करत. सोसायटीचे माजी चेअरमन, झुबकेदार मिशा, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी सभा बंद पडत नसे. काळे घोंगडे पांघरून ते 'अंधारसम्राट' होत, शिवारातल्या डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, उचलून नेत आणि गावेच्या गावे काळोखात बुडवून गडगडाट करून हसत. शेवटच्या भागात वीर थ्री-फेज त्यांना ठार करणार, असे पोस्टर बसस्टँडवर लागलेही होते. शूटिंगच्या आठवडाभर आधी, दुपारी जेवण झाल्यावर, "जरा पडतो," म्हणून ते आडवे झाले ते झाले.

"लोक इचारायलेत काकू. शेवट कधी, शेवट कधी."

"शेवट समद्यांनी बघितला की. टेम्पो भरभरून आलते."

"त्यो येगळा."

"एकदा मेलेलं पुरे हाय," केशरबाई म्हणाल्या. "माझ्या मान्साला दुसऱ्यांदा मारायचं न्हाई. सांगून ठेवते."

प्रियदर्शनीला परमेश्वराचे म्हणणे पटत होते. खलनायकाला नुसते अधांतरी सोडून गोष्ट संपवता येत नाही, हे ती मुलांना दरवर्षी शिकवत असे. "आई, ते एक पात्र आहे," ती म्हणाली. "पात्राला शेवट लागतो."

"तुझ्या पुस्तकातल्यांना मार की मग," केशरबाई म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

परमेश्वर काही इतक्यात हार मानणारा नव्हता. चार दिवसांनी तो रामकिसनला घेऊन आला. रामकिसन गावातलाच, उंची आणि खांदे अर्जुनरावांसारखे. तोंड दाखवायचे नाही, नुसती पाठ दाखवायची, आणि मारायचे नाही, नुसते अंधारात निघून जाताना दाखवायचे, असा मधला मार्ग त्याने काढला होता. अंगणात तालीम ठरली. रामकिसनने घोंगडे पांघरले आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. "काय बी झालं तरी वळायचं न्हाई बे," परमेश्वराने त्याला बजावले आणि तो कॅमेरा आणायला गेला.

नेमक्या त्याच वेळी तुळजाबाई आत्या आतून हात पुसत बाहेर आल्या. भावाच्या दुःखात त्या महिनाभर राहायला आल्या होत्या. त्यांना अंगणात भाऊ दिसला.

"दादा!" म्हणत त्यांनी मागून मिठी मारली.

रामकिसन वळला नाही.

"आसं न सांगता जात्यात का रे? मला फोन तरी करायचा व्हता! संक्रांतीला येतो म्हनलास, आन्..."

रामकिसन ताठ उभा. आत्या त्याच्या पाठीवर डोके ठेवून सगळे सांगत राहिल्या: त्या न बोलता गेलेल्या दोन दिवाळ्या, धाकट्याचे मोडलेले लग्न, गुडघ्याचे ऑपरेशन. ऐकता ऐकता घोंगडे हलू लागले. रामकिसनलाही रडू फुटले होते. केशरबाई चहाची कपबशी घेऊन दारात आल्या, त्या पाठीकडे क्षणभर बघत राहिल्या आणि कपबशी तशीच घेऊन परत गेल्या. शेवटी रामकिसनला सहन होईना. त्याने मान वळवली.

"आत्याबाई, मी रामकिसन हाय."

आत्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. "मग पाठ कावून दाखवतो मेल्या?"

रामकिसनने घोंगडे काढले, नीट घडी घालून पायरीवर ठेवले आणि परमेश्वराला म्हणाला, "काय बी सांग. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं आपल्याच्यानं व्हनार न्हाई."

एवढ्याने भागले असते. पण हा सगळा प्रकार कशासाठी चालला होता, हे आत्यांनी खोदून खोदून विचारले. आत्यांनी मालिका कधी पाहिली नव्हती. परमेश्वराने मोबाईलवर एक भाग लावून दिला आणि पस्तावला.

"माझा दादा डीपी चोरतो?"

"आत्या, ॲक्टिंग हाय ती."

"जिता व्हता तवर ॲक्टिंग. आता गेलेल्या मान्साच्या नावावर चोरी ठेवता? दारात येनारा परत्येक जन म्हनतोय, असा मानूस व्हने न्हाई. आन् तुझ्या मोबाईलमदी हेच का?"

आता अंधारसम्राटाला मारता येत नव्हते, दाखवता येत नव्हते, आणि तो चोरही राहिला नव्हता. उरला होता फक्त नायक, पिवळी घट्ट जर्सी आणि मुखवटा घालून, मुठी आवळून. मारायला समोर कुणी नव्हते.

"अक्का, तूच काढ कायतरी तोड," परमेश्वर प्रियदर्शनीसमोर येऊन बसला. "मला येतं तेवढं मी लिवलं."

"आधी मला सांग, तो डीपी न्यायचा कशाला?"

"व्हिलन हाय म्हनून."

"ते कारण नाही झालं. बाजारात विकायचा का? घरात रचून ठेवायचा? सकाळी उठल्यावर त्याला नेमकं काय वाटायचं की आज अंधार करावा?"

परमेश्वराने प्रामाणिकपणे विचार केला. "काकांनी बी इचारलं व्हतं एकदा. मी म्हनलं, तुमी फकस्त हसा."

स्वयंपाकघरातून केशरबाईंचा आवाज आला. "लाईट गेली की मान्सं घरी येतात."

दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

"तुमी ल्हान व्हता," त्या आतूनच बोलत होत्या, तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज येत होता. "लाईट गेली की टीवी बंद, अभ्यास बंद. समदी अंगणात यायची. चुलत, मावस, शेजारची बी. हे लई खूश आसायचे. लाईट आली की म्हनायचे, झालं, पांगली पोरं. तुमी गेल्यावर लाईट जायची ती आमी दोगंच बसायचो. तेवढ्यासाठीच केलं आसंल त्यांनी. दुसरं काय."

प्रियदर्शनीने परमेश्वराकडे पेन मागितले. त्याच्याकडे नव्हते. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नवा भाग असा ठरला की वीर थ्री-फेज अंधारसम्राटाला संपवायला त्याच्या घरी जातो. सम्राट घरी नसतो. त्याची बायको असते. बायकोच्या कामासाठी परमेश्वर अंबाजोगाईची एक नाटकातली बाई आणणार होता.

"माझ्याच घरात? त्यांची बायको म्हनून?" केशरबाई म्हणाल्या. "मी काय मेले का?"

शूटिंगच्या दिवशी विजयसिंह आला. नायक तोच. स्टेशन रोडला त्याची जिम आहे. दंड पाहण्यासारखे, अभिनय न पाहण्यासारखा. त्याने लाथेने दार उघडले, जर्सीवर छापलेली लाल वीज दिसेल अशी छाती पुढे काढली आणि ओरडला, "अंधारसम्राटा! बाहेर ये!"

केशरबाईंना एकच वाक्य दिले होते. ते त्यांनी म्हटले. "घरी न्हाईत." पुढचे कुणी दिलेले नव्हते. "दार लोटून घे. आन् बूट काढ, आत्ताच सारवलंय."

विजयसिंहाने परमेश्वराकडे पाहिले. परमेश्वर कॅमेऱ्यामागून हाताने 'चालू दे, चालू दे' करत होता. बूट गुडघ्यापर्यंतचे होते. काढायला वेळ लागला. तोवर केशरबाईंनी त्याच्यापुढे तुरीच्या शेंगांची पाटी सरकवली. "रिकामा बसू नको."

वीर थ्री-फेज शेंगा सोलू लागला.

"त्यांना मारून काय करशील?"

"जिंकीन," तो म्हणाला. हे त्याला पाठ होते.

"मग?"

हे पाठ नव्हते. "मग... घरी जाईन."

"घरी कोन हाय?"

एवढ्यात शेजारच्या मळ्यातली मोटार घरघरू लागली. थ्री फेज आली होती. आजवरच्या प्रत्येक भागात या क्षणी नायकाने उडी मारून मूठ आभाळाकडे केली होती. विजयसिंहाने आपली मूठ पाहिली. तिच्यात तुरीचे दाणे होते.

"मावशी, लाईट आली."

"येऊ दे. एवढ्या सोलून जा. घरी कोन हाय म्हनलं?"

"वडील हायेत," विजयसिंह म्हणाला, आणि हे वाक्य वीर थ्री-फेजचे नव्हते. "बोलत न्हाईत माझ्याशी. जिम काढली म्हनून. दोन वर्सं झाली. एकाच घरात ऱ्हातो आमी."

"तू बोलतोस का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मुखवट्याच्या भोकांतून पाणी गळत होते आणि ते पुसायला हात रिकामे नव्हते. केशरबाईंनी पदराने पुसले. "येतील," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "उशीर झाला तरी जेवायला घरीच येतात ते." कॅमेरा हलत होता, परमेश्वर त्यामागे नाक ओढत होता, म्हणून त्याला 'कट' म्हणायचे सुचले नाही.

त्या भागात एकही ठोसा नव्हता. रविवारी तो लागला तेव्हा पहिली तक्रार आली, 'मारामारी कुठंय?' दुसरी आली, 'गप बस, बघू दे.' मंगळवारपर्यंत मालिका कधी न पाहिलेल्या बायका ती पाहू लागल्या. पुढच्या भागात नायक पुन्हा आला, बूट स्वतःहून काढून आला. त्याच्या पुढच्या भागात थ्री फेज आली तेव्हा त्याने शक्ती वापरून केशरबाईंचा अडगळीने भरलेला माळा साफ केला. लोक म्हणू लागले, आता कुठं सिरीयल सिरीयलीसारखी झाली. विजयसिंहाच्या वडिलांनी म्हणे एका सकाळी त्याला विचारले, "चहा घेतो का?" हे पडद्यावर नाही, खऱ्या घरात.

आणि मग लोक घरी येऊ लागले. आधी येत ते दुखवट्याला येत. आता सतरंजीवर बसून, पाणी पिऊन, आवाज खाली आणून विचारत. शेजारचा सटवा तर दर सोमवारी येई.

"वयनी, मग दादा कवा येनार?"

"सटवाभाऊ," प्रियदर्शनी म्हणाली, "तुम्ही खांदा दिला होता."

"ते हाय," सटवाने मान्य केले. "घाटापर्यंत होतो मी. पर तसं न्हाई, सिरीयलीत. पुढल्या आइतवारी तरी येतील का? आमच्या घरी लई वाट बघायलेत."

दर आठवड्याला केशरबाई कॅमेऱ्यापुढे बसत, दाराकडे बघत आणि येतील म्हणत. हळूहळू त्या शूटिंगनंतरही तिथेच बसून राहू लागल्या. एका संध्याकाळी परमेश्वर कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत असताना त्या म्हणाल्या, "परमेश्वरा. मार आता त्यांना."

परमेश्वराच्या हातातली वायर सुटली.

"घरात वाट बघते ती बघते. ती कुनाला दिसत न्हाई. पर हितं सगळ्या गावापुढं, येतील म्हनायचं, आन् येनार न्हाईत हे ठावं आसून? समदं गाव मला इचारतंय. मी काय सांगू? संपवा. पिये, तू म्हनलीस ना पात्राला शेवट लागतो. लिही."

"लिहिते," प्रियदर्शनी म्हणाली.

ती लिहायला बसली. मृत्यूचे प्रसंग तिने आयुष्यभर वाचले होते, शिकवले होते, त्यांवर मुलांना दहा मार्कांचे प्रश्न काढले होते. कुठे थांबायचे, काय सांगायचे नाही, हे तिला पक्के माहीत होते. दुसऱ्या दिवशी शूटिंगच्या वेळेपर्यंत कागदावर एकच ओळ होती. विजयसिंह जर्सी घालून ओट्यावर थांबला होता. केशरबाई नेहमीच्या जागी बसल्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "कसे गेले?"

प्रियदर्शनीने वाचले. "'अंधारसम्राट कामानिमित्त कडा या गावी गेले आहेत. यायला उशीर होईल.'"

परमेश्वराने कॅमेरा लावायचा की नाही हे न कळून अर्धाच लावला.

"मला नाही जमलं, आई."

केशरबाई खूप वेळ हातातल्या शेंगेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती सोलली.

"कड्याला नको," त्या म्हणाल्या. "तिथं वळखीचं कुनी न्हाई, जेवायची आबाळ व्हईल. तेलगावला लिही."

"तेलगावला?"

"माझं माहेर हाय ते. तिथं जावयाला लवकर सोडत न्हाईत."