तारकीचा हयातीचा दाखला

जुन्या संगणकी खेळांतली पात्रं दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढायला तालुक्याच्या कचेरीत येतात, आणि ज्यानं त्यांचा खेळ खेळला त्याची अर्जावर सही लागते. दिगंबर हुक्केरी बावीस वर्षं अशा दोन सह्या करत आले होते. एरवी प्रिंटर दुरुस्त करणारा हा माणूस त्या दिवशी दुकान बंद ठेवी आणि इस्त्रीचा शर्ट घाली.

यंदा मात्र परिपत्रक आलं. एका खेळणाऱ्यानं एकाच पात्रासाठी सही करावी. उरलेल्या पात्राची नोंद तीस तारखेला बंद होईल. बंद म्हणजे कायमची. मग खेळ कितीही वेळा सुरू केला तरी त्या पात्राची जागा रिकामीच दिसते.

कचेरीत टेबलापलीकडे इंगवले मॅडम होत्या. अलीकडे दिगंबरांशेजारी दोन पात्रं बसली होती. 'सात विहिरी' या खेळातला खानावळवाला ठकबा, आणि 'काळखिंड'मध्ये दिगंबरांच्या जोडीनं लढलेली तारकी.

"आठवा रकाना भरा," मॅडम म्हणाल्या. "पात्रामुळे काय आनंद मिळाला, थोडक्यात. दोघांचा भरा, म्हणजे तुलना करता येईल."

"खेळ म्हणून बघाल तर 'काळखिंड' उजवा," दिगंबर म्हणाले. "तिसऱ्या गावात पाटलाशी खोटं बोललात तर नवव्या गावाची वेस उघडत नाही. सोबतची माणसं तुमच्याशी भांडतात. मी एकदा देवळातलं औषध चोरलं, तर ही दोन मुक्काम माझ्याशी बोलली नाही."

"तीन मुक्काम," तारकी म्हणाली.

"आणि 'सात विहिरी'?" मॅडमनी विचारलं.

"त्यात गोष्टच नाही. चाला, लढा, गोळा करा. नकाशासुद्धा आपणच आलेखाच्या वहीत काढायचा." दिगंबर थांबले. "पण वडील अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षी दिवसभर माझ्या डोक्यावर निर्णयच असायचे. डॉक्टर कुठला, ऑपरेशन करायचं की नाही. संध्याकाळी खेळात आणखी निर्णय नको वाटायचे. मग मी ठकबाकडे जाऊन बसायचो. आदल्या दिवशी जिथं सोडला, तिथंच तो असायचा. वडील गेले त्या दिवशीही होता."

मॅडमनी ठकबाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"ये, बैस. पाणी गोड आहे," ठकबा म्हणाला. त्याला तेवढंच येत होतं.

"नको, आत्ताच चहा झाला," मॅडम म्हणाल्या आणि त्याचा जबाब लिहून घेतला.

दिगंबरांच्या हातात पेन तसंच राहिलं. शेवटी तारकीच म्हणाली, "ठकबासाठी कर सही, दिगू. त्याला स्वतःसाठी बोलता येत न्हाई. मला येतं." मग ती मॅडमकडे वळली. "दुसऱ्या कुणाची सही चालती का?"

मॅडमनी परिपत्रक पुन्हा वाचलं. "चालते. पण त्यानं खेळ पहिल्यापासून शेवटापर्यंत खेळलेला हवा."

"'काळखिंड'ला ऐंशी तास लागतात," दिगंबर म्हणाले. 'सात विहिरी'ला तीन महिने लागतात, त्यामुळे ठकबासाठी ही सोय नव्हतीच.

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं. अठरा तारीख होती. "माझी अर्जित रजा शिल्लक आहे," त्या म्हणाल्या.

अडचण एकच होती. 'काळखिंड'मध्ये एकाच प्रवासाची नोंद राहते. नवा प्रवास सुरू केला की जुना पुसला जातो.

"मी तुला वळखणार न्हाई मग," तारकी म्हणाली.

"ठाऊक आहे." दिगंबरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुझे आभार मानायचे राहूनच गेले बघ. रस्ता चुकलो तेव्हाही तू सोबत सोडली नाहीस. फार बरं वाटायचं मला."

"मलाबी," तारकी म्हणाली.

त्यांनी ठकबाच्या अर्जावर सही केली आणि दुपारी 'काळखिंड'ची डिस्क मॅडमच्या घरी नेऊन दिली.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "हुक्केरी, पाटलाला खरं सांगू का खोटं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा, मॅडम. मजा तिथंच आहे."

"बरं. आणि ही तारकी माझ्यावर रुसली आहे."

"का?"

"मी औषध चोरलं."

दिगंबर दुकानात एकटेच पोटभर हसले.

तीस तारखेला ठकबाचा शिक्क्याचा कागद घ्यायला ते रांगेत उभे होते. साडेचार वाजता तारकी धापा टाकत आली. हातात अर्ज होता, अर्जावर इंगवले मॅडमची सही होती. तिनं रांगेवरून नजर फिरवली आणि ती दिगंबरांपाशी थांबली.

"काका, दाखल्याची रांग हीच का?"

"हीच."

"लई लांब हाय की. पाचला खिडकी बंद हुती म्हणं."

दिगंबर मागं सरकले. "या, माझ्यापुढं उभ्या राहा."

"उपकार झाले, काका."

"उलटं आहे ते," दिगंबर म्हणाले, आणि रांग एक पाऊल पुढं सरकली.