मारोतरावांचा पहिला चहा

माणूस धर्मात शिरतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही; बाहेर पडतो तेव्हा मात्र ते कारण सगळ्या गावाला पटावे लागते. आमचे गाव आसेगावपासून सहा किलोमीटरवर आहे. नाव सांगत नाही. (सांगितले तर एका गावाची बदनामी होते, न सांगितले तर तालुक्यातली सगळी गावे खूश राहतात, कारण प्रत्येकाला ते शेजारचे वाटते.)

मारोतराव यांचे वय त्रेपन्न, शेती पाच एकर, शिवाय पिठाची गिरणी. सव्वीस वर्षांपूर्वी ते पत्नी प्रयागबाई यांच्यासह निश्चल पंथात दाखल झाले. कारण वैद्यकीय होते. प्रयागबाईंचे पोट दुखायचे. पंथाच्या प्रचारकाने अंगारा दिला आणि त्याच आठवड्यात वाशीमला त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. दुखणे थांबले. श्रेय कोणाला द्यायचे यावर घरात विचार झाला. डॉक्टर पुन्हा कधी घरी आले नाहीत, प्रचारक दर पंधरा दिवसांनी येत राहिला. श्रेय प्रचारकाला गेले.

पंथाचे नियम एकेचाळीस. कांदा-लसूण नाही, चहा नाही, दारू नाही, खोटे बोलणे नाही, टीव्ही नाही, सूर्यास्तानंतर आरसा नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळाला. आणि पंथाबाहेरच्या कोणाच्याही घरचे अन्नपाणी नाही, मग तो सख्खा भाऊ असो की पालकमंत्री. (पालकमंत्री आमच्या गावात अजून आलेले नाहीत, त्यामुळे नियमाचा हा भाग तपासला गेलेला नाही.)

गाव मारोतरावांना हसायचे. पण हसता हसता त्यांचा उपयोगही करून घ्यायचे, हे मान्य केले पाहिजे. ते खोटे बोलत नाहीत म्हणून सार्वजनिक वर्गणी त्यांच्याकडे. ते पीत नाहीत म्हणून वरातीनंतर पडलेल्यांना घरोघरी पोचवण्याचे काम त्यांच्याकडे. ते जेवत नाहीत म्हणून लग्नपत्रिका सर्वांत आधी त्यांना; आहेर येतो आणि एक ताट वाचते. सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वीस वर्षांत त्यांना चहाचा आग्रह सुमारे एकोणीस हजार वेळा झाला. त्यातला अठरा हजार नऊशे वेळा, ते घेणार नाहीत याची खात्री करून झाला.

त्यांना एकच मूल, साधना. ती वाशीमला शिकली, तिथेच एका दवाखान्यात नर्स झाली आणि सात वर्षांपूर्वी तिने विकास नावाच्या सज्जन, निर्व्यसनी, पण कांदा खाणाऱ्या मुलाशी लग्न केले. नियम तेवीस : पंथाबाहेर लग्न करणारे अपत्य 'बाहेरचे' समजावे. मारोतरावांनी तसे समजले. लग्नाला गेले नाहीत. नात झाली तेव्हा साधनाने पेढ्यांचा डबा पाठवला. तो त्यांनी गिरणीवर दळणाला आलेल्यांत वाटून टाकला. मीही दोन खाल्ले. पेढे चांगले होते.

गेल्या उन्हाळ्यात गिरणीची मोटर जळाली. ती बांधून आणायला मारोतराव वाशीमला गेले आणि परतीच्या गाडीची वाट पाहत बसस्थानकावर बसले. समोरून साधना आली. बरोबर पाच वर्षांची नात. सात वर्षांनी भेटलेल्या बापलेकीने काय बोलावे याचा नियम एकेचाळिसांत नव्हता, त्यामुळे दोघे मोटरविषयी बोलले. वाइंडिंगला किती घेतले, वगैरे.

नातीच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. तिने एक बिस्किट आजोबांपुढे धरले. मारोतरावांनी ते घेतले आणि खिशात ठेवले.

"आई, आजोबा खात काहून नाही?"

"ते बाहेरचं खात नाहीत बेटा."

मुलीने विचार केला. मग आईलाच विचारले, "मंग आपण बाहेरचे आहो काय?"

 साधनाने मुलीची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. गाडी लागली. मारोतराव मोटर पायाशी ठेवून बसले आणि शेलूबाजार येईपर्यंत त्यांनी ते बिस्किट खाऊन टाकले. उलटी झाली नाही, वीज पडली नाही. कंडक्टरने सुटे मागितले, एवढेच.

चार दिवसांनी ते पुन्हा वाशीमला, पंथाच्या जिल्हा मंडळात गेले. पंथ सोडण्यासाठी छापील अर्ज आहे, तीन प्रतींत. त्यावर दोन पंथीयांच्या साक्षीदार म्हणून सह्या लागतात. आणि नियम अठ्ठावीसप्रमाणे पंथ सोडणाऱ्याच्या कागदावर पंथीयाने सही करायची नसते. ही अडचण पंथाच्या संस्थापक बाबांच्या पूर्वीच लक्षात आलेली असल्याने अर्ज फक्त दाखल होतात. कार्यवाहांनी पेन उघडले.

"कारण काय लिहू?"

"बिस्किट," मारोतराव म्हणाले.

"तसा रकाना नाही. मृत्यू, वेड, आणि इतर."

"इतर लिहा."

खरी अडचण घरी होती. प्रयागबाई पंथ सोडायला तयार नव्हत्या.

"तुमी सोडा. मी नाई सोडत," त्या म्हणाल्या. "सात वर्स पोरीले दारातून वापस लावलं ते कायच्या भरोशावर? नियमाच्याच ना? आता नियमच खोटा म्हनलं तं मंग मी कोन झाली?"

मारोतराव माझे दळण तोलू लागले. (मी त्या वेळी दळण घ्यायला ओट्यावर उभा होतो आणि ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करत होतो.)

नियम एकोणतीस : पंथ सोडलेल्यास पंथीयाने अन्न वाढू नये. प्रयागबाईंनी नियमाचा अभ्यास केला. त्यात 'वाढू नये' असे आहे. 'ठेवून जाऊ नये' असे नाही. म्हणून त्या रोज दोन माणसांचा स्वयंपाक करू लागल्या, नवऱ्याचे ताट झाकून ओट्यावर ठेवू लागल्या आणि त्याचे जेवण होईपर्यंत गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलू लागल्या. म्हैस पंथात नव्हती. भाजीत मीठ कमी पडले तर मारोतराव ते मोठ्याने भिंतीला सांगत, आणि दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असे.

इकडे गावात आनंदाचे वातावरण होते. सव्वीस वर्षांनी माणूस माणसांत आला होता. वाचलेल्या दहाव्या हिश्श्याचे मारोतरावांनी काय करावे याविषयी आठ दिवसांत अकरा सूचना आल्या. त्यांतल्या नऊ मंदिराच्या सभामंडपाविषयी आणि दोन उसनवारीविषयी होत्या. आमच्या सरपंच गोमतीबाई आहेत. सरपंच म्हणून बोलतात ते त्यांचे यजमान. त्यांनी ठरवले की मारोतरावांचा पहिला चहा सार्वजनिकरीत्या व्हावा. रविवार, सकाळी नऊ, ग्रामपंचायतीसमोर. शाल, नारळ आणि चहा. दूध कोणाच्या घरचे यावर दोन बैठका झाल्या. मारोतरावांना वेळ कळवण्यात आली. ते 'बरं' म्हणाले.

शनिवारी दुपारी ते भिवाजींकडे गेले.

भिवाजी पंचाहत्तरचे आहेत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढे रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी झाली, बरीच वर्षे जऊळक्याला गेली, निवृत्त होऊन ते गावी आले. मारोतराव त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. गिरणीचे पीठ भुवयांवर तसेच होते.

"भिवाजीकाका, एक इचाराचं होतं." (हे 'काका' गावात नवीन होते.) "सोडल्यावर मंग कराचं काय असते?"

भिवाजींनी खाट पुढे सरकवली. "काई नाई. सकाळी उठाचं, तोंड धुवाचं. पयले पयले हात रिकामे वाटतात."

"भेव वाटते. काल आरसा पाह्यला दिवे लागल्यावर. छातीत धडधड झाली."

"होते. माया बापानं घरातले देव नदीत सोडले, तवा मायी आजी आठ दिवस रडे. लपून रडे, बापाले दिसू नाई म्हनून. नवव्या दिवशी उठली अन् म्हने, झालं ते झालं, आता पोराईले विहिरीवर पानी भेटन काय?"

"भेटलं?"

"बोअर आल्यावर भेटलं," भिवाजी म्हणाले. "विहिरीवरचा हक्क कोनी सोडला नाई. मंग लोकाईनं विहीरच सोडून देल्ली. आता आमचाच ताबा हाये तिच्यावर, पानी नाई तिच्यात."

दोघेही हसले. भिवाजींच्या पत्नी बेबीताई दारात उभ्या होत्या. सव्वीस वर्षे दळणाचा डबा घेऊन त्या गिरणीवर येत होत्या. त्यांनी मारोतरावांना कधी चहा विचारला नव्हता. आजही विचारला नाही.

"बेबीताई, तुमी कधी आग्रह केला नाई मले."

"आमी कोनालेच करत नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "समोरच्यावर नाई म्हनाची पाळी कायले आनाची? त्याले खोटं बोला लागते, आपल्याले आयका लागते."

 मारोतराव म्हणाले, "मंग मीच मांगतो. चा ठेवा."

चहा आला. मारोतरावांना बशीत ओतून प्यावा की कपाने, हे माहीत नव्हते. भिवाजींचे पाहून त्यांनी बशीत ओतला. पहिल्या घोटाला जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आले ते त्याने की कशाने, याची नोंद नाही. "लयच गोड हाये," ते म्हणाले, आणि दुसरा मागितला.

ही बातमी रविवारी सकाळी सातपर्यंत गावाला कळली. नऊचा कार्यक्रम तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलण्यात आला. (तांत्रिक कारण : दूध नासले. तीन घरचे, एकाच वेळी.) येथे स्पष्ट केले पाहिजे की आमच्या गावात जातपात मुळीच पाळली जात नाही. तसा फलक वेशीवर आहे आणि त्याला दर दोन वर्षांनी रंग देण्यात येतो. त्यामुळे मारोतरावांवर त्या कारणाने कोणी नाराज होणे शक्यच नव्हते. लोक अन्य कारणांनी नाराज झाले. त्यांचे पीठ अचानक जाडे पडू लागले. मारोतरावांच्या गिरणीचा पट्टा आवाज करू लागला. देव सोडणाऱ्याचा वर्गणीच्या बाबतीत काय भरवसा, असा प्रश्न जे लोक स्वतः वर्गणी देत नव्हते त्यांना पडला, आणि पेटी दुसऱ्याकडे गेली. निम्मे गाव सहा किलोमीटर मोटारसायकल हाणत आसेगावला दळण नेऊ लागले. मीही नेऊ लागलो. माझे कारण पट्ट्याचे होते.

पुढच्या आठवड्यात मारोतरावांना झालेले चहाचे आग्रह : शून्य.

अखेर गोमतीबाईंचे यजमान स्वतः गिरणीवर गेले. त्यांनी अत्यंत आपुलकीने समजावले. "मारोतराव, राग नका मानू. पन त्यापेक्षा तुमी पंथातच बरे होते. तवा तुमी सगळ्याइच्याच घरचं नाई खात. कोनाले वाईट वाटाचा सवालच नव्हता."

"आता तं मी सगळ्याइच्याच घरचं खातो," मारोतराव म्हणाले. "तुमी बलावलं तं तुमच्याही."

"तेच तं अवघड करून राह्यले तुमी," यजमान म्हणाले, आणि दळण न टाकताच गेले.

त्या रात्रीचे ताट नेहमीप्रमाणे ओट्यावर होते, पण प्रयागबाई गोठ्यात गेल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत पाठ करून बसल्या.

"नियमानं चालनाऱ्या मानसाले मी सव्वीस वर्स पाहून राह्यली," त्या दाराला म्हणाल्या. "पन ह्या लोकाईले कोनता नियम हाये ते तं सांगा. आमचा छापेल तरी हाये." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोरीकडे कधी जाता? मी डबा घेऊन येईन. तिच्या घरचं खानार नाई. बसाले मनाई नाई."

आणि त्या गेल्या. वाशीमला साधनाच्या दोन खोल्यांत त्या खुर्चीच्या कडेवर, स्वतःच्या पाण्याची बाटली मांडीवर धरून बसल्या. साधनाने वडिलांपुढे पोहे ठेवले. कांदा भरपूर होता, मुद्दाम. मारोतरावांनी एक घास खाल्ला आणि मग कांद्याचा एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला लावायला सुरुवात केली.

"बाबा, काय करून राह्यले?"

"मले आवडलाच नाई गं हा," मारोतराव खजील होऊन म्हणाले.

साधना इतकी हसली की तिला तोंडावर पदर घ्यावा लागला, आणि बराच वेळ तिने तो काढला नाही. विकास उगाच पाणी आणायला आत गेला. तेवढ्यात नातीने आजीच्या डब्याचे झाकण उघडले, त्यातले धिरडे मोडले आणि खायला लागली. प्रयागबाईंनी मनातल्या मनात एक ते एकेचाळीस नियम तपासले. पंथीयाच्या डब्यातले बाहेरच्याने खाऊ नये, असे कुठेच नव्हते. "अजून घे," त्या म्हणाल्या. आता त्या दर महिन्याला जातात. डबा मोठा घेतला आहे.

गिरणीचेही ठीक चालले आहे. आसेगावच्या वाटेवरचा पूल श्रावणात पाण्याखाली गेला आणि गावाची तत्त्वे पुलाच्या अलीकडेच अडकली. पीठ आपोआप बारीक झाले. पेटी मात्र परत आली नाही, आणि मारोतराव चहाला भिवाजींकडेच जातात. दुसरीकडून बोलावणे नाही.

ही झाली आमच्या गावाची गोष्ट. वाचक सुशिक्षित आहेत, बहुधा शहरात राहतात, त्यांच्याकडे असले काही नसते, हे मला ठाऊक आहे. त्यांना एकच विनंती. या कथेत मी एकाही माणसाचे आडनाव दिलेले नाही. मारोतरावांचे, विकासचे, सरपंचांचे, माझेही. वाचताना ज्या ज्या ठिकाणी ते असते तर बरे झाले असते असे वाटले, तिथे पेन्सिलीने बारीकशी खूण करून ठेवावी. पुस्तक वाचनालयाचे असल्यास करू नये. तिथे आधीच केलेल्या असतील.