थोरल्या काकूंचा हिवाळा

"मासे सांभाळायला अक्कल नाही, शिस्त लागते!" शिरीषने जाहीर केलं आणि सुलेखाने कपाळाला हात लावला. वीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेल्या नवऱ्याने शिस्तीचं नाव काढलं की घरात कुणाची तरी उपासमार होते, हा तिचा अनुभव होता. मागच्या खेपेला त्याने स्वतःचं डाएट अख्ख्या घराला लावलं होतं!

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्यांच्या भाड्याच्या घरामागे एक छोटं तळं होतं आणि त्यात कोई जातीचे सात रंगीत मासे. मासे घरमालक लिम अंकलचे. बायको गेल्यावर ते तोआ पायोहला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, पण तळं काही बाराव्या मजल्यावर नेता येईना. म्हणून दर रविवारी येऊन ते सगळं बघून जायचे. दोन हजार चारच्या नोव्हेंबरात ते महिनाभर मुलाकडे कॅनडाला निघाले, तेव्हा सर्वांत मोठ्या, केशरी-पांढऱ्या माशाकडे बोट दाखवून म्हणाले, "धिस वन माय वाइफ्स. प्लीज टेक केअर, आह?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सुलेखाचेही. त्या माशाला ती थोरल्या काकू म्हणायची.

शिरीषने लायब्ररीतून तळ्याच्या देखभालीचं जाडजूड पुस्तक आणलं. लेखक कुठल्याशा बर्फाळ मुलखातला!

"नोव्हेंबर. अन्न पूर्ण बंद. मासे तळाशी जाऊन विश्रांती घेतात," त्याने मोठ्याने वाचलं.

"अरे, बाहेर तीस डिग्री आहे! तुझ्या बनियनला विचार!"

"मथळ्यात नोव्हेंबर लिहिलंय. कॅलेंडर बघ."

पाण्यावर बर्फ जमू नये म्हणून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्याने लेकीचा, अनुयाचा, चेंडूसुद्धा तळ्यात तरंगत सोडला. पोरीचा चेंडू पडला असं समजून शेजारच्या आंटीने तो दोनदा काढून दिला. दोन्ही वेळा शिरीषने आभार मानून तो परत टाकला!

तिसऱ्या दिवशी सुलेखा कपडे वाळत घालायला मागे गेली, तर सात तोंडं पाण्यावर आ वासून उभी. दारी आलेल्याला उपाशी पाठवायची तिला सवय नव्हती. तिने पोळीचा तुकडा टाकला. मग रोजच टाकायला लागली. चतुर्थीला तर साबुदाण्याची खिचडीही दिली, उपास तो उपास! एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते त्या तळ्याला तंतोतंत लागू पडलं.

"बघ! तीन आठवडे पोटात कण नाही, तरी कसे गुटगुटीत झालेत!" शिरीष म्हणायचा. सुलेखा मुकाट्याने मान डोलवायची.

चौथ्या आठवड्यात थोरल्या काकू तळाशी जाऊन बसल्या. पोट टम्म, हालचाल बंद.

"विश्रांती!" शिरीष खूश झाला. सुलेखाला रात्रभर झोप लागली नाही. त्या मेल्या तर अंकलना तोंड कसं दाखवायचं?

दुसऱ्याच दिवशी अंकल विमानतळावरून बॅगेसकट थेट आले. तळ्याकाठी गुडघ्यावर बसले. वाकून तळाशी निरखून बघितलं.

"व्हॉट यू फीड?"

"नथिंग!" शिरीषने छाती फुगवली.

अंकलनी तळ्याच्या फिल्टरचं झाकण काढलं आणि हात घालून मूठभर लगदा बाहेर काढला. पोळी. साबुदाणा. पाव.

"मीच," सुलेखा रडवेली झाली. "रोज थोडं थोडं..."

"मी ऑल्सो," अनुया म्हणाली. "ओन्ली ब्रेड. दे सो हंग्री, लाह!"

लगद्यातून शेवटी मसाल्याचे शेंगदाणे निघाले. ते घरात एकच माणूस खायचा. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"ऑफिसातून आल्यावर... एखाद-दुसरा," शिरीष पुटपुटला. "काकू माझ्याकडेच बघत होत्या गं!"

"आय्या! शी नॉट स्लीपिंग! शी टू फुल!" अंकल ओरडले. त्यांनी अर्धं पाणी बदललं, दुसरा पंप लावला आणि हुकूम सोडला, "सेव्हन डेज, नो फूड! नोबडी!"

शिरीषने तसा कागदच करून फ्रिजवर लावला. खाली सगळ्यांच्या सह्या, अंकलचीसुद्धा.

पाचव्या दिवशी सकाळी सुलेखा मागे गेली, तर थोरल्या काकू वर येऊन मजेत शेपटी हलवत होत्या! आनंदाने तिला रडूच फुटलं. मग तिचं लक्ष तळ्याकाठी गेलं. पहाटेच्या पहिल्या एमआरटी ट्रेनने आलेले लिम अंकल तिथे उकिडवे बसले होते आणि पाव बारीक करून पाण्यात सोडत होते.

"ओन्ली लिटल," ते दचकून कुजबुजले. "डोन्ट टेल युवर हजबंड, आह?"

सुलेखाने मान डोलवली आणि मुठीतला पोळीचा तुकडा हळूच पाठीमागे धरला.